फोर्ट स्टिकीनला ‘सोन्याचं जहाज’ म्हणू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन फुटलेल्या फोर्ट स्टिकीन या बोटीवरचा ‘सोन्याचं जहाज’ हा लेख वाचला. लेखात खोटं काही नाही. ३१ खोक्यांत १२४ सोन्याच्या विटा होत्या, स्फोटात त्या उडाल्या, एक वीट एका पारशी गृहस्थांच्या घरात जाऊन पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली, बंदराचा गाळ काढताना पुढे कित्येक वर्षांनीही एखादी वीट वर येत असे, हे सगळं खरं आहे. तरीही लेख वाचून झाल्यावर मला झोप लागली नाही. दर एप्रिलमध्ये कुठे ना कुठे हेच छापून येतं, आणि दर वेळी सोन्यालाच जास्त जागा मिळते. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कल्पना आहे. कात्री लावायची वेळ आलीच तर शेवटचा भाग तेवढा ठेवा.

मी १९७६ पासून ३३ वर्षं मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होतो. बोटीतून उतरणारा आणि बोटीत चढणारा माल मोजायचा, हे आमचं काम. क्रेनला लागलेली स्लिंग धक्क्यावर टेकली की नग मोजायचे आणि कागदावर रेघा ओढायच्या. चार उभ्या, पाचवी आडवी. पाळी संपली की बोटीवरच्या माणसाचा कागद आणि आमचा कागद जुळला पाहिजे. एक गोणी कमी भरली तरी शेड पालथी घालायची. त्यामुळे एखाद्या बोटीविषयी वाचताना माझी नजर आधी मालाच्या यादीवर जाते: काय होतं, किती होतं आणि कुठल्या खणात कशावर काय रचलं होतं. फोर्ट स्टिकीनची खरी हकीकत त्या रचनेत आहे.

बोट मुळात साधी होती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात प्रिन्स रूपर्ट नावाचं पावसाळी गाव आहे, तिथल्या कारखान्यात ती १९४२ साली बांधली गेली. जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजं इतक्या झपाट्याने बुडवत होत्या की ब्रिटनच्या स्वतःच्या कारखान्यांना ती तूट भरून काढता येईना. तेव्हा इंग्लंडमधल्या संडरलंडच्या एका कारखान्याचा आराखडा घेऊन कॅनडात एकामागून एक सारख्या बोटी बांधल्या गेल्या. त्यातल्या ब्रिटनच्या दिमतीला गेलेल्यांची नावं ‘फोर्ट’ने सुरू होतात, आणि अशा १९८ बोटी होत्या. पाच खण, कोळशावर चालणारं वाफेचं इंजिन, ७,१४२ टनांची नोंद, वेग ११ नॉट, म्हणजे तासाला ११ सागरी मैल. यापलीकडे कौतुक करावं असं त्यांच्यात काही नव्हतं. भरायचं, न्यायचं, उतरवायचं आणि पुन्हा भरायचं. स्टिकीन हे नाव अलास्कातल्या एका जुन्या ठाण्याचं, हडसन्स बे कंपनी जिथे कातड्यांचा व्यापार करायची तिथलं. बोट कॅनडाने बांधली, पैसे अमेरिकेने मोजले, चालवायला ब्रिटनच्या युद्धवाहतूक मंत्रालयाने घेतली आणि रोजची व्यवस्था पोर्ट लाइन या कंपनीकडे दिली. युद्धातल्या मालवाहू बोटींचं असंच असे, चार घरची चाकरी. तिचं सगळं आयुष्य दोन वर्षांचंही नाही.

२४ फेब्रुवारी १९४४ ला ती इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाली. जिब्राल्टर, पोर्ट सैद, सुएझ असा मार्ग. पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा: तोफगोळे, पाणसुरुंग, टॉर्पेडो. त्यातला २३८ टन अतिशय संवेदनशील, ‘अ’ वर्गातला. विमानंही होती. आणि एका पोलादी पेटीत, झाकण वेल्डिंगने बंद करून, मुंबईसाठी निघालेलं ते सोनं, किंमत सुमारे ८ लाख ९० हजार पौंड. इथपर्यंतचा प्रवास धोक्याचा असला तरी त्या काळाच्या मानाने नेहमीचा होता. दारूगोळा भरलेल्या बोटी रोज ये-जा करत होत्या.

घात झाला तो कराचीत. तिथे काही माल उतरला, जागा रिकामी झाली, आणि युद्धाच्या दिवसांत रिकामी जागा घेऊन बोट हलवणं कुणाला परवडत नव्हतं. म्हणून तिथे ८,७०० कापसाच्या गाठी चढल्या, तेलाची पिंपं चढली, लाकूड आणि भंगार चढलं. दोन नंबरच्या खणात तळाशी कापूस आणि त्याच खणाच्या वरच्या मजल्यावर दारूगोळा अशी मांडणी झाली. बोटीवरच्याच एका अधिकाऱ्याने म्हटल्याचं नोंदलेलं आहे की जे जे पेटू शकतं किंवा फुटू शकतं ते जवळपास सगळं या बोटीवर आहे. हे त्याला बोट मुंबईला लागण्याआधीच दिसत होतं.

कापसाच्या गाठीविषयी थोडं सांगतो, कारण लेखात त्यावर एक ओळही नव्हती. दाबून बांधलेली, लोखंडी पट्ट्या मारलेली गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास भरते आणि हाताला लाकडाच्या ओंडक्यासारखी कडक लागते. तिच्यावर ठिणगी पडली तर ती भडकत नाही, धुमसते. १९८१ च्या उन्हाळ्यात शेडमधल्या एका गाठीच्या कोपऱ्यातून धूर येताना मी स्वतः पाहिला आहे. विडीच्या धुराइतका, तेवढाच. मुकादमाने गाठ ओढून बाहेर काढली, धक्क्यावर आडवी टाकली आणि दोघांनी तिच्यावर अर्धा तास पाणी मारलं. वरून थंडगार झाली. संध्याकाळी सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पट्ट्या तोडल्या तर आत, हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या खोलीवर, मधोमध लालभडक निखारा होता. वारा लागताच तो फुलला. अशी एक गाठ विझवायला आम्हाला दीड दिवस लागला, तोही उघड्यावर, पाण्याच्या नळाशेजारी. फोर्ट स्टिकीनच्या अंधाऱ्या खणात अशा गाठींच्या थप्प्या होत्या, आणि दुसरी गोष्ट म्हणजे कापसाची गाठ पाण्यावर तरंगते. खण पाण्याने भरू लागला की पेटलेला कापूस खाली बसत नाही, वर चढतो. वर काय होतं ते मघाशी सांगितलंच.

बोट १२ एप्रिलला मुंबईत आली आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये एक नंबरच्या धक्क्याला लागली. एरवीचा नियम असा की दारूगोळ्याची बोट बाहेर समुद्रात नांगरायची, लायटरमध्ये, म्हणजे लहान पडावांत, माल उतरवायचा आणि मगच तिने डॉकमध्ये यायचं. युद्धाच्या घाईत हा नियम बाजूला पडला होता. ती अशी दोन दिवस धक्क्याला उभी होती. १४ तारखेला, शुक्रवारी, जेवणाची सुट्टी संपवून दीडच्या सुमारास माणसं फाळक्यापाशी परत आली तेव्हा दोन नंबरमधून धूर येत होता. फाळका म्हणजे खणाचं तोंड, आमच्याकडे हाच शब्द चालतो. आग कशी लागली हे नक्की ठरलं नाही, कुणाच्या तरी सिगारेटचं थोटूक कापसात पडलं असावं असंच मानलं जातं.

पुढचे दोन तास मी किती वेळा वाचले असतील सांगता येत नाही. बंब आले, पाइप सोडले, ९०० टनांहून जास्त पाणी खणात गेलं. पाणी उकळायला लागलं. धूर एवढा की आग नेमकी कुठे आहे हे दिसेना. मग बोटीच्या एका कुशीला पोलादावरच्या रंगाला फोड येऊ लागले. जागा कळली, ती कापायला गॅसचं यंत्र आणलं, ते चाललं नाही. धक्क्यावर वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी जमले होते. बोट तिथेच बुडवावी, की ओढून बाहेर न्यावी, की पाणी मारत राहावं यावर बोलणं चाललं होतं, आणि एकाच्या हाती पूर्ण हुकूम नव्हता. ३ वाजून ५० मिनिटांनी बोट सोडण्याचा आदेश झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. बोटीचे दोन तुकडे झाले. १२ किलोमीटरवरच्या खिडक्यांची तावदानं फुटली, भूकंप नोंदणाऱ्या यंत्रांवर शिमल्यापर्यंत हादरा उमटला. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला, पहिल्याहून मोठा. कप्तान नाइस्मिथ पहिल्या स्फोटातच गेले होते. शेजारी उभी असलेली सिंदिया कंपनीची ‘जलपद्म’ पाण्यातून उचलली जाऊन तिचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडवर जाऊन बसला. तिचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. एका अख्ख्या बोटीची शेपटी छपरावर टेकलेली आहे आणि खाली माणसं मुंगीएवढी दिसतात. दहापेक्षा जास्त बोटी बुडाल्या किंवा निकामी झाल्या, आजूबाजूची वखारी-गोदामं आणि वस्त्या जळाल्या, ८०,००० माणसं बेघर झाली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ढिगारा उपसायला ८,००० माणसं सात महिने राबली.

आता माझ्या घरचं.

माझे आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघे गुहागर तालुक्यातून मुंबईला आले ते गोदीतच लागले. माझगावला एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही भाऊ, आजी आणि आठ वर्षांचे माझे वडील राहत. आजोबा अलेक्झांड्रा डॉकला टोळीत होते. धाकट्या आजोबांची जागा ठरलेली नव्हती. सकाळी गेटवर उभं राहायचं, मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी. त्या शुक्रवारी त्यांना काम मिळालं, व्हिक्टोरिया की प्रिन्सेस डॉकमध्ये हे कुणालाच ठाऊक नाही. आजी एवढंच सांगायची की भावोजी सकाळी डबा घेऊन गेले, आणि डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी होती. चारच्या सुमाराला मांडणीवरची सगळी भांडी एकदम खाली आली. आजीला वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला. तिने वडिलांना कमरेशी धरलं आणि जिन्याखाली जाऊन बसली. वडिलांच्या आठवणीत त्या जिन्याखालचा अंधार आणि आजीच्या पदराला येणारा चुलीचा वास एवढंच राहिलं होतं.

आजोबा रात्री उशिरा घरी आले. दुसऱ्या दिवसापासून ते भावाला शोधत फिरले. जे.जे., सेंट जॉर्ज, मग पुन्हा जे.जे. जिथे प्रेतं ठेवली होती तिथे रांगेत उभं राहून पाहिलं. ओळखता येण्यासारखं फार थोडं होतं. वर्तमानपत्रांत काही येत नव्हतं, युद्धामुळे बातमीवर बंदी होती. जपान्यांच्या ताब्यातल्या, व्हिएतनाममधल्या सायगावच्या रेडिओने दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितलं, आणि मुंबईच्या माणसाला आपल्या वर्तमानपत्रात वाचायला मिळालं ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. गावाकडे तर मुंबई सोडून पळालेल्या माणसांच्या तोंडून कळलं.

सरकारने नुकसानभरपाई दिली, नाही असं नाही. पण आजोबा ज्या कचेरीत गेले तिथे त्यांना विचारण्यात आलं की तुमचा भाऊ त्या दिवशी कामावर होता याला पुरावा काय? पुरावा मुकादमाच्या वहीत. वही शेडमध्ये. शेड जळालेली, आणि मुकादमही सापडला नाही. आजोबा तिथून उठून आले ते परत गेले नाहीत. १६ दिवसांनी त्यांनी गावी जाऊन दर्भाचा पुतळा करून भावाचे विधी केले.

माझं म्हणणं काय आहे ते आता नीट सांगता येईल. या स्फोटातल्या मृतांचा आकडा काही ठिकाणी ८०० च्या वर दिलेला असतो, काही ठिकाणी १,३०० पर्यंत जातो. मोजणी हा ज्याचा धंदा होता त्या माणसाला हा फरक टोचतो. पाचशे माणसांचा फरक! सोन्याची बेरीज मात्र सगळीकडे सारखी आहे, १२४ विटा. एवढा फरक का पडतो, तर गोदीतला कामगार तेव्हा कुणाच्याच पटावर नव्हता. रोज सकाळी गेटवर निवडायचा आणि संध्याकाळी पैसे देऊन मोकळा करायचा. गोदी कामगारांची नोंदणी व्हावी म्हणून कायदा झाला तो १९४८ साली, आणि मुंबईत त्याची योजना लागू झाली १९५१ मध्ये. म्हणजे स्फोटानंतर सात वर्षांनी. मी कामाला लागलो तेव्हा प्रत्येकाला नंबर होता, पास होता, हजेरी होती. जुनी माणसं तो पास शर्टाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवायची. मला तेव्हा त्याचं नवल वाटायचं. आजोबांनी सांगितल्यावर कळलं.

अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी त्या दिवशी प्राण दिले. त्यांना दर १४ एप्रिलला मानवंदना दिली जाते, देशभर अग्निशमन सप्ताह त्यांच्या स्मरणात पाळला जातो, भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे. हे झालंच पाहिजे. ती माणसं बोट फुटेल हे कळत असताना पाइप धरून उभी होती. त्यांच्यासोबत धक्क्यावर, शेडमध्ये, बाजूच्या बोटींच्या फाळक्यात जी शेकडो माणसं होती, कोकणातली, घाटावरची, उत्तरेतली, त्यांच्या नावाची यादी असणं आता शक्य नाही हे मला समजतं. पण नाव नसलं तरी उल्लेख असू शकतो.

प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे दोन्ही डॉक आता भर घालून बुजवले आहेत. जिथे फोर्ट स्टिकीन उभी होती तिथे पाणीच राहिलेलं नाही. माझी मागणी एवढीच आहे की पी. डिमेलो रोडवर, यलो गेटच्या आसपास, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा मराठीतला एक फलक लावावा. त्यावर बोट कुठे बांधली, कुठून निघाली, कराचीत तिच्यात काय भरलं आणि ते कशावर रचलं हे लिहावं. बातमी महिनाभर दाबली गेली हे लिहावं. ज्यांची हजेरी कुठल्याच वहीत राहिली नाही असे गोदी कामगार इथे मेले, हे लिहावं. सोन्याला एक ओळ पुरे. खर्चाची अडचण असेल तर आम्ही निवृत्त लोक वर्गणी काढू, सातआठ जणांशी माझं बोलणं झालं आहे.

आपल्या वर्तमानपत्राकडूनही एक हवं आहे. मुंबईत, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, साताऱ्याकडे ज्या घरांत ‘आमचा एक माणूस गोदीच्या स्फोटात गेला’ असं सांगितलं जातं, त्यांना आवाहन करा. माणसाचं नाव, गाव आणि असेल तर टोळीच्या मुकादमाचं नाव, एवढं पोस्टकार्डावर पाठवलं तरी चालेल. वडील गेले, आजी त्याआधी गेली. अशी सांगणारी माणसं आता घरोघरी संपत आली आहेत, म्हणून घाई करतो आहे. आलेली पत्रं मोजून, नोंदवून, तारीखवार लावायचं काम मी बिनमोबदला करीन. त्याची मला सवय आहे.

धाकट्या आजोबांची एकच वस्तू घरात आहे. गाठी ओढायचा लोखंडी हुक, लाकडी मुठीचा. त्या दिवशी ते दुसऱ्या कुणाचा तरी घेऊन गेले होते, कारण याची मूठ हलत होती आणि आजोबा रविवारी ती ठोकून देणार होते. ती अजून हलते, आम्ही कुणी ठोकली नाही. फलक झाला आणि कुठे ठेवायची सोय झाली तर हुक द्यायला तयार आहे.

येत्या १४ एप्रिलला दुपारी साडेतीनपासून मी यलो गेटजवळच्या फुटपाथवर उभा असेन. ४ वाजून ६ मिनिटांपर्यंत थांबणार आहे. कुणाला यायचं असेल तर यावं, उन्हाचं आहे, पाण्याची बाटली आणावी.

आपला नम्र,
एक निवृत्त टॅली क्लार्क, डोंबिवली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)